शिपायातला अधिकारी घडवायचा कोणी?

माझे वडील ३५ वर्षं पोलीस खात्यात होते. शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ठाण्यात सगळे 'मेजर' म्हणायचे. हवालदाराला मेजर म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे.

ते हवालदार झाले तो दिवस मला लख्ख आठवतो. आईने पेढे आणले, पोलीस लाइनीतल्या बायका येऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा ठाणे अंमलदार म्हणून, म्हणजे पोलीस ठाण्याचं रोजचं काम सांभाळणारा माणूस म्हणून, खुर्चीत बसले. आदल्या दिवसापर्यंत ज्यांच्यासोबत नाकाबंदीला उभे राहायचे, ज्यांच्यासोबत एकाच डब्यात जेवायचे, त्यांना आता ड्युटी वाटून द्यायची होती. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याच बॅचचा एक सहकारी रात्रपाळीला दोन तास उशिरा आला. वरून आदेश आला, 'कसुरी रिपोर्ट पाठवा,' म्हणजे कामात कसूर केल्याचा लेखी अहवाल. अण्णा सकाळी घरी आले आणि न जेवता बसून राहिले. रिपोर्ट पाठवला तर वीस वर्षांची मैत्री तुटणार, नाही पाठवला तर उद्यापासून बाकीचे ऐकणार नाहीत. आईला म्हणाले, "फीत लावून दिली गं, पण माणसं कशी सांभाळायची ते कुणी सांगितलं नाही."

हे वाक्य माझ्या मनातून कधीच गेलं नाही, आणि आजची पोस्ट त्यासाठीच आहे.

पोलीस दलातल्या करिअरची चर्चा आपल्याकडे दोनच गोष्टींवर होते. एक भरती आणि दुसरी बदली. सोळाशे मीटर किती मिनिटांत, गोळा किती मीटर, लेखी परीक्षेत कटऑफ किती, हे गावोगावच्या मैदानांवर पोरांना तोंडपाठ असतं. पण भरती झाल्यावर पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत त्या पोराचं काय होतं, तो कसा वाढतो, त्याला जबाबदारी पेलायला कोण शिकवतं, हे कुणी विचारत नाही. दलातल्या दहा माणसांपैकी आठांहून जास्त माणसं अंमलदार, म्हणजे शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतची माणसं, आहेत. म्हणजे दल खरं तर त्यांचंच आहे.

आपल्याकडे फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, व्हायचे वर्षानुवर्षं तीन रस्ते राहिले. निम्म्या जागा एमपीएससीच्या सरळ सेवेतून, पाव जागा खात्यातल्या लोकांसाठीच्या मर्यादित स्पर्धा परीक्षेतून आणि उरलेल्या पाव जागा ज्येष्ठतेने बढती देऊन. सरळ सेवेतून आलेला तरुण नाशिकच्या अकादमीत जातो. कायदा, तपास, परेड, गोळीबार सगळं शिकतो आणि पंचवीस-सव्वीसाव्या वर्षी ठाण्यात येऊन पन्नाशीच्या हवालदाराचा साहेब होतो. या मुलांबद्दल मला आदर आहे, फार कष्टाने ती तिथे पोचलेली असतात. आयपीएस अधिकाऱ्यांसाठी तर हैदराबादच्या राष्ट्रीय अकादमीत सेवेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पुन्हा प्रशिक्षण असतं, आणि पुढच्या बढतीच्या आधी ते करावंच लागतं. पद बदललं की काम बदलतं आणि काम बदललं की शिकावं लागतं, हे तत्त्व वरच्या लोकांसाठी आपण केव्हाच मान्य केलं आहे.

शिपाई मात्र सुरुवातीला नऊ महिने प्रशिक्षण केंद्रात काढतो. त्यानंतर कधी उजळणी कोर्स, कधी संगणकाचा, कधी दंगलनियंत्रणाचा. हवालदार झाला तेव्हा, सहायक फौजदार झाला तेव्हा, 'आता तुझ्या हाताखाली माणसं आहेत, त्याची तयारी करू या' असं म्हणून त्याला कुणी चार आठवडे बसवलं, असं मी अण्णांच्या पिढीत एकदाही ऐकलं नाही.

बढतीच्या बाबतीत सुधारणा झाल्या आहेत, हे नाकारत नाही. दहा, वीस आणि तीस वर्षांच्या टप्प्यांवर आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मिळतो, म्हणजे पद नाही मिळालं तरी पगार वाढतो. २०२२ मध्ये पोलीस नाईक हे मधलं पद काढून टाकलं, त्यामुळे शिपायाला हवालदार होण्याचा रस्ता एका पायरीने कमी झाला. तीस वर्षं सेवा झालेल्या सहायक फौजदारांना श्रेणी पोलीस उपनिरीक्षक करण्याचा निर्णयही त्याच वर्षी झाला. खांद्यावर तारे घेऊन घरी जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलं आहे. त्या सन्मानाची किंमत कमी लेखणार नाही. पण निवृत्तीच्या उंबरठ्यावर दिलेला तारा हा केलेल्या सेवेचा मान असतो. त्यातून ठाण्याला पुढची दहा वर्षं चालवणारा माणूस तयार होत नाही. तो चाळिशीतच तयार करावा लागतो, अंगात जोर असताना.

खालच्या माणसात नेतृत्व नसतं, असं कुणाला वाटत असेल तर मुंबईतलं एक उदाहरण सांगते. पोलिसांना आठ तासांची ड्युटी कशी देता येईल, याचा आराखडा देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने मांडला. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो बाजूला न टाकता वाचला, त्याला बोलावून घेतलं आणि २०१६ मध्ये त्याच ठाण्यात तो प्रयोग सुरू केला. पुढे तो शहरातल्या इतर ठाण्यांतही गेला. कित्येक दशकं 'शक्यच नाही' म्हटलं गेलेलं कोडं सोडवायला ज्याने स्वतः बारा-बारा तास उभं राहून काढले होते, तोच माणूस लागला. मला यात दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, खालून विचार करणारा शिपाई आणि वर बसून ऐकणारा अधिकारी. दुसरा नसता तर पहिल्याचा कागद बारनिशीतच, म्हणजे आवक-जावक टेबलावरच, राहिला असता.

आणि २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र कोण विसरेल? गिरगाव चौपाटीजवळ सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत कसाबची रायफल धरून ठेवली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याला जिवंत पकडता आलं. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. त्या क्षणी काय करायचं हे त्यांना विचारायला वर कुणी नव्हतं. निर्णय त्यांचा होता. ठाण्यातला अंमलदार असे निर्णय रोज घेतो, फक्त ते इतके मोठे नसतात आणि कुठे छापून येत नाहीत. रात्री दोन वाजता मारहाण झालेली बाई दारात येते तेव्हा समोर साहेब नसतात, अंमलदार असतो. तो तिला बसवून पाणी देतो की 'सकाळी या' म्हणतो, यावर तिच्यासाठी अख्खं पोलीस खातं ठरतं.

१९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात शिपायाच्या स्थितीचा विचार केला होता. शिपायाला केवळ सांगकाम्या समजू नका, त्याने स्वतःची बुद्धी वापरून काम करावं अशी त्याची घडण करा आणि त्याला वर जायला वाव द्या, असा त्या आयोगाचा आग्रह होता. मला वाटतं त्यातलं 'वर जायला वाव' एवढंच आपण उचललं आणि 'घडण' सोडून दिली.

आता तर गरज आणखी वाढली आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडतीचं चित्रीकरण करायचं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाला घटनास्थळी बोलवायचं. यातलं बरंचसं प्रत्यक्षात हवालदाराच्याच हातून होणार. पंचवीस वर्षं एका पद्धतीने काम केलेल्या माणसाला एका परिपत्रकाने बदलता येत नाही.

मला काय हवं आहे ते सांगते. हवालदार आणि सहायक फौजदार या दोन्ही बढत्यांच्या आधी, नंतर नव्हे, किमान महिनाभराचं प्रशिक्षण असावं. त्यात कलमं कमी आणि माणसं जास्त असावीत. ड्युटी न्याय्य कशी वाटायची, दारूच्या आहारी गेलेल्या सहकाऱ्याशी कसं बोलायचं, चुकीचा आदेश आला तर साहेबांना काय आणि कसं सांगायचं, नव्याने आलेल्या महिला शिपायाला संगणकासमोर न बसवता तपासात कसं सोबत घ्यायचं. ते शिकवायला चांगले अधिकारी हवेत, आणि प्रशिक्षण केंद्रातली नेमणूक म्हणजे बाजूला टाकणं हा समज आधी मोडायला हवा. जिथे उद्याचं दल घडतं तिथे आपली सर्वात चांगली माणसं पाठवायला हवीत. खात्यांतर्गत परीक्षा दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी. ड्युटी करून रात्री अभ्यास करणाऱ्या शिपायाला निदान तारीख तरी माहीत असावी. आणि ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला कायद्याने ठरवलेली दोन वर्षं खरोखर मिळावीत. सहा महिन्यांत बदलणारा साहेब कुणाला घडवणार?

अण्णांनी त्या दिवशी अखेर काय केलं, ते राहिलंच. ते रिपोर्ट लिहिण्याआधी त्या सहकाऱ्याच्या घरी गेले. त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता आणि त्याने लाजेखातर कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांनी साहेबांना जाऊन खरं काय ते सांगितलं, त्याची महिनाभर दिवसपाळी लावून घेतली, आणि सगळ्यांसमोर हेही सांगितलं की न कळवता उशीर झाला तर पुढच्या वेळी रिपोर्ट जाईल, मित्र असला तरी जाईल. त्या रात्रीपासून ते एका वहीत असे प्रसंग लिहून ठेवू लागले. अपमृत्यू झालेल्या घरी आधी कुणाशी बोलायचं, बंदोबस्तात पोरांना पाणी-नाश्ता कधी पोचवायचा, कुणावर ओरडायचं नाही. अशा तीन वह्या भरल्या.

निरोप समारंभाला शाल-श्रीफळ मिळालं. वह्यांबद्दल कुणी विचारलं नाही. फक्त एका तरुण शिपायाने त्या मागून घेतल्या आणि झेरॉक्स काढून आठ दिवसांनी परत आणून दिल्या. तो आता हवालदार आहे. अजूनही कधी रात्री उशिरा अण्णांचा फोन वाजतो आणि पलीकडून तो विचारतो, "मेजर, असं असं झालंय. तुम्ही असता तर काय केलं असतं?" अण्णा अंथरुणावर उठून बसतात, चष्मा शोधतात आणि म्हणतात, "आधी सांग, त्याच्या घरी कोण कोण आहे?"