जन्मसाल बघून पेन्शन, जन्मसाल बघून शिक्षा

पिढ्यापिढ्यांमधल्या न्यायाचा विषय निघाला की गाडी पेन्शनवर येऊन थांबते. आधीचे खाऊन गेले, आता आम्ही भरायचं. तक्रार खोटी नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेची पहिली मासिक पेन्शन आयडा मे फुलर या बाईंना मिळाली, जानेवारी १९४० मध्ये. तोवर त्यांच्या पगारातून कापले गेले होते एकूण २४ डॉलर ७५ सेंट आणि पहिलाच चेक आला २२ डॉलर ५४ सेंटचा! बाई शंभरी गाठून १९७५ मध्ये गेल्या, तोवर जवळपास २२,८८९ डॉलर मिळाले होते. यात लबाडी काहीच नव्हती. कमावत्यांकडून घेऊन म्हाताऱ्यांना द्यायची योजना सुरू झाली की रांगेतल्या पहिल्यांची चांदी होतेच.

पण शिक्षेचं काय? तिथेही जन्मसालच बोलतं, हे कुणी फारसं बोलत नाही.

रोलंड नील आणि रॉबर्ट सॅम्पसन या समाजशास्त्रज्ञांनी शिकागोतल्या मुलांचा वर्षानुवर्षं माग काढला. २०२१ मध्ये त्यांचा निबंध आला. १९८० च्या दशकाच्या मध्याला जन्मलेल्यांना ऐन तारुण्यात अटक होण्याचं प्रमाण दहा वर्षांनी जन्मलेल्यांच्या सुमारे दुप्पट निघालं. गरिबी, घरची परिस्थिती, मुलाचा स्वतःवरचा ताबा, सगळं जमेस धरलं तरी फरक बराचसा उरलाच. म्हणजे पोरं बिघडली होती की काळ कडक होता? मला काळ कडक होता हेच पटतं. आपण मात्र अटकेचा कागद बघून माणसाचं चारित्र्य ठरवतो.

इथे गंमत उलटी आहे. पेन्शनमध्ये आधी जन्मलेला नशीबवान, शिक्षेत आधी जन्मलेला कमनशिबी. कायदा बदलतानाही तेच. पेन्शन आटवायची वेळ आली की ‘आधीच्यांना धक्का नाही’ हे पहिलं वाक्य असतं. शिक्षा कमी करताना मात्र आधीचे आत तसेच राहतात. १९८६ च्या अमेरिकी अंमली पदार्थ कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला (कोकेनचाच ओढायचा प्रकार) जी किमान पाच वर्षं होती, तेवढ्या शिक्षेसाठी पावडर कोकेन ५०० ग्रॅम लागायचं. २०१० मध्ये हे प्रमाण १०० ला १ वरून १८ ला १ वर आणलं, पण आधीच शिक्षा झालेल्यांना हा नवा कायदा लागू नव्हता. ती दारं उघडायला २०१८ उजाडलं. आठ वर्षं! शिक्षा नंतर सौम्य झाली तर तिचा लाभ गुन्हेगाराला द्यावा, असं १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेलं आहे. अमेरिकेने करार मंजूर केला, पण नेमकं हेच वाक्य आपल्याला लागू नाही असं नोंदवून.

म्हातारे मतदान करतात, कैद्यांना अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते करता येत नाही. मला तरी याहून खोल कारण सापडलेलं नाही.

आता अमेरिकेतली एकच पिढी घ्या, १९६० च्या दशकात जन्मलेली. पूर्ण पेन्शनचं वय ६५ वरून ६७ वर नेणारा कायदा १९८३ मध्ये झाला, १९६० पासून पुढे जन्मलेल्यांना पूर्ण लागू. तेव्हा त्यातले सगळ्यात मोठे तेवीस वर्षांचे, धाकटे अजून शाळेत. तीनच वर्षांनी वरचा क्रॅकचा कायदा आला, तेव्हा यातले बहुतेक विशीत होते. तुरुंगात केलेलं काम सहसा सोशल सिक्युरिटीच्या खात्यात धरत नाहीत. त्यामुळे यातला जो दहा-पंधरा वर्षं आत होता, त्याच्या खात्यात तेवढी वर्षं कोरी आहेत, आणि आता तो पेन्शनच्या खिडकीशी पोचतो आहे.