‘तिसरी पिन नावालाच असते’ म्हणे!

होळी झाली, माळ्यावरचे कूलर खाली उतरू लागले की एक मेसेज व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो. यंदा मला तो तीन ग्रुपांतून आला. त्यातला एक ग्रुप नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या भाडेकरूंचा. मजकूर थोडक्यात असा : जुन्या घरात अर्थिंग (तिसऱ्या पिनपासून जमिनीपर्यंतची तार) नसेल तर उगाच खर्च करू नका. तिसरी पिन नावालाच असते. टू-पिनचा कन्व्हर्टर लावा, नाहीतर सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तारेच्या तुकड्यानं जोडून टाका. कॉम्प्युटरला स्पाइक गार्ड (व्होल्टेजचे झटके अडवणारा एक्स्टेंशन बोर्ड) पुरे. शॉकसाठी एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहेच. आणि अर्थिंगशिवाय आरसीसीबी (करंटची गळती दिसली की लाइन तोडणारा स्विच) म्हणजे पैसे पाण्यात.

वायरिंगची कामं करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. या मेसेजात खरं काय आहे ते आधी सांगून टाकतो. मोबाइलचा चार्जर, बरेचसे टीव्ही यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. म्हणजे आत दुहेरी इन्सुलेशन आहे. त्यांना तिसरी पिन लागतच नाही, जुन्या टू-पिन सॉकेटवर ते खुशाल चालवा. पण कूलर, फ्रीज, गिझर, प्रेस, कॉम्प्युटरचा सीपीयू यांची बॉडी लोखंडी, आणि ती पिन त्या बॉडीसाठी आहे : बिघाडात बॉडीवर आलेला करंट ती जमिनीकडे नेते. प्लग हातात घेऊन बघा : ती इतर दोघींपेक्षा लांब असते, म्हणून आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. नावालाच असती तर कंपन्यांनी तेवढं पितळ कशाला घातलं असतं?

सगळ्यात घातक सल्ला न्यूट्रल जोडण्याचा, कारण तो चालतो. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे एरवी त्यात शॉक नसतो. टेस्टर पेटत नाही, टेस्टिंगचा बल्ब झकास लागतो, कारागीर पैसे घेऊन जातो. आता जुन्या वाड्याचं वायरिंग आठवा. लाकडी पट्टीवरची ॲल्युमिनियमची तार, बोर्डातले ढिले स्क्रू. एक दिवस न्यूट्रल मागे कुठेतरी सुटतो. कूलर बंद पडतो. घरच्यांना वाटतं, लाइन गेली. पण फेज (करंट आणणारी तार) चालूच असतो. तो मोटरमधून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत येतो आणि तिथून तुम्हीच टाकलेल्या तुकड्यावरून बॉडीवर. बघायला म्हणून ओल्या फरशीवरून कोणी हात लावला तर समोर २३० व्होल्ट. काही बोर्डांत तर फेज-न्यूट्रल उलटेच जोडलेले सापडतात. तिथे तार सुटायचीही गरज नाही, प्लग खोचला की बॉडी जिवंत.

कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात येते. लोखंडी पत्रा, आत पाणी, ओल्या ताट्या, खाली ओली फरशी, आणि पाणी भरताना बटण चालूच.

एमसीबी वाचवेल? ओल्या अंगाचा रोध साधारण १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टला ०.२३ अँपिअर करंट जातो. हृदय बंद पडायला तेवढा बास. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तो तार जळू नये म्हणून आहे, माणसासाठी नाही.

आरसीसीबीबद्दल मेसेजनं गोष्ट पार उलटी केली आहे. गेलेला करंट आणि परत आलेला करंट ती मोजून बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की खाली पडते. यात अर्थच्या तारेचं काही काम नाही. फरक इतकाच : अर्थिंग असेल तर बिघाड होताच ती पडते, नसेल तर कोणी हात लावल्यावर. म्हणजे झटका बसेल, पण क्षणभरच. एका हाती फेज आणि दुसऱ्या हाती न्यूट्रल धरला तर मात्र तिला काही कळत नाही. जुन्या घरात पहिला खर्च मी हाच सांगतो. लावल्यावर ती सारखी पडते म्हणून लोक मलाच शिव्या घालतात, ‘काढून टाका ते’ म्हणतात. अहो, ती लीकेज दाखवते आहे!

स्पाइक गार्डला अर्थ नसेल तर त्याचं काम अर्धवट होतं. शिवाय त्यातल्या सगळ्या सॉकेटांचे अर्थ आतून एकमेकांना जोडलेले असतात. त्याच बोर्डावर लावलेल्या प्रेसमध्ये फेज बॉडीला लागला तर तो सीपीयूच्या पत्र्यावरही पोचतो. सीपीयूला हात लावला की झिणझिण्या येतात ती गोष्ट वेगळी. आतल्या फिल्टरमुळे पत्र्यावर मीटरला ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात, पण करंट अगदी थोडा. माणसाला धोका नाही, मात्र टीव्हीला एचडीएमआय केबल खोचताना पोर्ट उडू शकतो. केबल लावण्याआधी दोन्ही प्लग काढा.

काही जण अर्थ नळाच्या पाइपला बांधायला सांगतात. अर्धी लाइन आता प्लास्टिकची झाली आहे. उरलेल्या लोखंडावर शेजारी आंघोळ करतोय.

खरं अर्थिंग म्हणजे जमिनीत अडीच मीटर पाइप, भोवती कोळसा-मीठ, आणि तिथून प्रत्येक थ्री-पिनपर्यंत हिरवी तार. आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात भेगा पडतात, पाइपची पकड सुटते, म्हणजे नेमकी कूलर चालू असतानाच अर्थिंग कमजोर. कूलर भरायला बादली उचलाल तेव्हा आधी प्लग काढा, आणि आठवड्यातून एक बादली त्या खड्ड्यात ओता.