ढकलपत्रातला डेलम्स

‘अमेरिकेत लाच कायदेशीर आहे, फक्त तिला लॉबिंग म्हणतात.’ हे ढकलपत्र तुमच्याकडेही आलं असेल. (लॉबिंग म्हणजे पैसे घेऊन कुणासाठी तरी खासदारांकडे रदबदली करणं; ती करणारा लॉबिस्ट, ढकलपत्राच्या भाषेत दलाल.) पुरावा म्हणून त्यात रॉन डेलम्स जोडलेले: दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषाविरुद्ध एकट्याने कायदा करून राष्ट्राध्यक्ष रेगनना हरवणारा कृष्णवर्णीय खासदार, मतदारांनी पाडल्यावर दुसऱ्याच दिवशी दलाल झाला आणि गडगंज होऊन मेला. शेवटी पुस्ती: हे लोक (म्हणजे कृष्णवर्णीय) सगळे असेच.

आधी कौतुकातली चूक काढू. ‘एकट्याने’ काही झालं नाही. डेलम्स आणि खासदार जॉन कॉन्यर्स 1972 पासून दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांचं विधेयक मांडत होते आणि ते पडून राहत होतं. जून 1986 मध्ये डेलम्स यांचा कडक मसुदा प्रतिनिधीगृहात आवाजी मतदानाने पार पडला, कारण विरोधकांनी मतं मोजायची मागणीच केली नाही. पण कायदा झाला तो सिनेटच्या मवाळ मसुद्याचा. रेगननी नकाराधिकार वापरला; प्रतिनिधीगृहाने 313 विरुद्ध 83 आणि सिनेटने 78 विरुद्ध 21 मतांनी तो मोडून काढला. तेव्हा सिनेटमध्ये बहुमत रेगन यांच्याच पक्षाचं होतं, हेही लक्षात घ्या.

‘मतदारांनी पाडलं’ हे तर साफ खोटं. डेलम्स कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे. 1966 मध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला ते हेच गाव, आणि त्याच नावावरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. व्हिएतनाम युद्धाला विरोध करत डेलम्स 1970 मध्ये निवडून आले, मग दर दोन वर्षांनी येतच राहिले. फेब्रुवारी 1998 मध्ये त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला.

मधल्या काळातला एक प्रसंग सांगायलाच हवा. 1973 मध्ये ते प्रतिनिधीगृहाच्या सशस्त्र सेना समितीवर, म्हणजे संरक्षणखर्च ठरवणाऱ्या समितीवर गेले. अध्यक्ष एडवर्ड हेबर्ट यांना समितीत ना कृष्णवर्णीय माणूस हवा होता, ना बाई. नव्याने आलेल्या डेलम्स आणि पॅट श्रोडर या दोघांसाठी त्यांनी एकच खुर्ची ठेवली. दोघं अर्ध्या-अर्ध्या खुर्चीवर टेकून बसले. बाकीच्या सदस्यांपैकी कुणी उठून आणखी एक खुर्ची ओढली नाही. वीस वर्षांनी, 1993 मध्ये, त्याच समितीचं अध्यक्षपद डेलम्स यांच्याकडे आलं.

आता ‘दुसऱ्याच दिवशी दलाल’. प्रतिनिधीगृह सोडलेल्या सदस्याला वर्षभर जुन्या सहकाऱ्यांकडे कुणासाठी रदबदली करता येत नाही. पडद्याआडून सल्ला देता येतो, ती पळवाट आहेच. पण मनाई आहे. डेलम्स आधी एका आरोग्यसेवा कंपनीचे अध्यक्ष झाले. आफ्रिकेतल्या एड्ससाठी मोठा निधी उभारावा म्हणून त्यांनी लकडा लावला, आणि त्यांच्या जागी निवडून आलेल्या बार्बरा ली यांनी तो विषय संसदेत रेटला. 2000 मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे डेलम्स लॉबिंगच्या धंद्यात शिरले, हे मात्र खरं.

लाच आणि लॉबिंग एकच का? लॉबिस्टला 1995 च्या कायद्याप्रमाणे नाव नोंदवावं लागतं, गिऱ्हाईक आणि मिळकत जाहीर करावी लागते. लाच कशी दिसते ते पाहायचं तर लुइझियानाचे खासदार विल्यम जेफरसन पाहा: 2005 मध्ये त्यांच्या घरच्या फ्रीझरमध्ये 90,000 डॉलर सापडले, 2009 मध्ये 13 वर्षांची शिक्षा झाली.

गडगंज? ओकलंडचे महापौर असताना त्यांच्याकडे सुमारे 2,39,000 डॉलरचा प्राप्तिकर थकल्याची बातमी होती. कर थकवणारा गरीबच असतो असं नाही, पण ढकलपत्रातला कुबेर हा नव्हे. आणि हो, लॉबिंगच्या धंद्यातून आलेल्या या माणसाला ओकलंडने 2006 मध्ये महापौर केलं, जेमतेम निम्म्याहून अधिक मतांनी. कारकीर्द फिकी गेली. दुसऱ्यांदा ते उभे राहिले नाहीत.

‘हे लोक सगळे असेच’ यावर दोन नावं पुरेत. गोरे खासदार बिली टॉझिन यांनी 2003 चा औषधांच्या सरकारी विम्याचा कायदा पुढे रेटला आणि 2005 मध्ये औषध कंपन्यांच्याच संघटनेचे प्रमुख झाले. गोरे सिनेटर ट्रेंट लॉट यांनी डिसेंबर 2007 मध्ये सिनेट सोडलं. पद सोडल्यावर सिनेटरांना लॉबिंगची जी मनाई असते, ती एकाची दोन वर्षं होणार होती, त्याच्या काही दिवस आधी.

डेलम्स यांना अडचणीत आणायचंच असेल तर त्यांच्या गिऱ्हाइकांची यादी घ्या. त्यात त्यांच्याच भागातली एसी ट्रान्झिट ही सार्वजनिक बससेवा आहे, पेराल्टा कॉलेज जिल्हा आहे; त्याबद्दल कोण काय बोलणार? पण त्याच यादीत रोल्स-रॉइसही आहे, लढाऊ विमानांची इंजिनं बनवणारी. आणि आयुष्यभर संरक्षणखर्च कापा म्हणणारा हा माणूस संरक्षणखर्च ठरवणाऱ्या समितीचा माजी अध्यक्ष होता. यावर ढकलपत्रात एक अक्षर नाही.