‘आपल्या लोकांना शिस्त नाही’ म्हणणाऱ्यांना, लेरिचीहून

२०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात आमचा विजयदुर्ग आला, आणि तेव्हापासून देवगडकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे. आता कोकणात मोठ्या बोटी येणार, जेट्ट्या होणार, रिसॉर्ट होणार, तर ते चांगलं की वाईट? एक बाजू म्हणते, आम्ही किती दिवस मनिऑर्डरवर जगायचं. दुसरी म्हणते, आमचा गोवा करू नका. दोन्ही बाजू मला समजतात. पण दर थोड्या दिवसांनी कोणीतरी इटलीतल्या रंगीत घरांचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, ‘असं आपल्याकडे कधीच होणार नाही, आपल्या लोकांना शिस्तच नाही.’ त्यावर अंगठ्यांची रांग लागते. मी काही लिहायला गेले की चुलतभावाचं उत्तर ठरलेलं: ‘तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय?’

म्हणून जरा सविस्तर लिहिते. तो फोटोतला किनारा मी या मे महिन्यात पाहून आले आहे.

इथे इंग्लंडात शाळांना सत्राच्या मधली हाफ-टर्मची सुट्टी लागली तेव्हा आम्ही गॅटविकहून बार्सिलोनाला गेलो आणि तिथून आठवड्याची क्रूझ घेतली. बोट इटलीतल्या ला स्पेत्सिया बंदराला लागली त्या दिवशी बहुतेक सगळे प्रवासी बसमध्ये बसून पिसा आणि फ्लॉरेन्सच्या वाटेला लागले. उरलेले चिंक्वे तेर्रेला, म्हणजे फोटोतल्या त्या पाच गावांना गेले. सासूबाईंच्या गुडघ्यांना दोन्ही झेपण्यासारखं नव्हतं आणि मलाही गर्दीत दिवस घालवायचा नव्हता. आम्ही साधी गावची बस धरली आणि आखाताच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या लेरिचीला गेलो.

लेरिचीत बंदरावर किल्ला आहे. तिथून सान तेरेंत्सोपर्यंत समुद्राच्या कडेकडेने सपाट रस्ता जातो. सासूबाई तो सगळा रस्ता चालल्या, मध्ये मध्ये बाकावर बसत. बाकांवर गावातले म्हातारे आधीच बसलेले असायचे, ते सरकून जागा द्यायचे. सान तेरेंत्सोत इंग्रज कवी शेली राहत होता. १८२२च्या जुलैत लिव्होर्नोहून होडीने घरी परतताना वादळात तो बुडाला. मुलीला जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, शेली आहे, त्यामुळे तिने ते घर बाहेरून बराच वेळ पाहिलं. दुपारी आम्ही हरभऱ्याच्या पिठाची फारिनाता खाल्ली. आपलं बेसनाचं धिरडं जाड करून भट्टीत भाजावं, तशी. सासूबाईंनी दोनदा मागून घेतली. मग दुसऱ्या बसने तेल्लारोला गेलो. खडकाच्या टोकावर गुलाबी चर्च, खाली लाटा, आणि गाडी शिरूच शकणार नाही अशा गल्ल्या. रात्री चाचे चालून आले तेव्हा एका ऑक्टोपसने चर्चची घंटा वाजवून गावाला जागं केलं, अशी तिथली कथा आहे. मुलांना ती फार आवडली. मला विजयदुर्गच्या पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट आठवली. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची असं आजी सांगायची, आणि आम्हीही तोंड उघडं टाकून ऐकायचो.

दिवसभरात कुठेही घाई झाली नाही. संध्याकाळी पाचच्या आत आम्ही बोटीवर होतो.

आता शिस्तीचं. इटालियन माणूस जन्मतः शिस्तीचा असतो असं ज्याला वाटतं, त्याने इटलीत एकदा रांगेत उभं राहून पाहावं. बेकायदा बांधकामं दंड भरून कायम करून देणारे कायदे त्या देशाने १९८५, १९९४ आणि २००३ असे तीनदा केले. याच किनाऱ्यावर, लिगुरिया प्रांतात, रापालो नावाचं गाव आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर बिल्डरांनी टेकड्या भरून टाकल्या. समुद्रकिनाऱ्यावर छत्र्या आणि खाटा भाड्याने देण्याचे परवाने वर्षानुवर्षं त्याच त्याच लोकांच्या हातात आहेत. युरोपीय कायद्याप्रमाणे त्यांचे लिलाव व्हायला हवेत, आणि एकामागून एक सरकारं ते पुढे ढकलत आली आहेत. यातलं काय आपल्याला अनोळखी आहे?

पण त्याच १९८५ साली इटलीने आणखी एक कायदा केला. समुद्रापासून ३०० मीटरपर्यंतचा सगळा पट्टा संरक्षित. तिथे काही बांधायचं तर ते निसर्गदृश्याला शोभतं का, याची वेगळी परवानगी लागते. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या बांधकामांना बंधनं घालणारा सीआरझेडचा नियम १९९१ला आला. २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरची बांधकाममुक्त जागा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणली. गावच्या माणसाला स्वतःच्या जागेत पडवी वाढवता येत नव्हती, त्यामुळे ही सवलत पुष्कळांना हवी होती, हे मला माहीत आहे. तरीही किनाऱ्याचं रूप कशाने बदलतं ते या दोन आकड्यांत दिसतं. त्याचा कुणाच्या स्वभावाशी संबंध नाही.

आणि रेल्वे. जिनोव्हा ते ला स्पेत्सिया हा मार्ग १८७४ साली पुरा झाला. डोंगरातून बोगदे काढत गाडी थेट चिंक्वे तेर्रेच्या गावांच्या दारात नेली. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ला, आणि आजही देवगडला जायचं तर नांदगावला नाहीतर कणकवलीला उतरून पुढे एसटी. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय. आम्हा कोकणवासीयांना शिस्त नाही म्हणून ते रखडलं का? १९९७ साली युनेस्कोने पोर्तोव्हेनेरे हे गाव आणि चिंक्वे तेर्रे यांना जागतिक वारसा ठरवलं. त्याच वर्षी सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तिथे दोन वर्षांत राष्ट्रीय उद्यान झालं. आपल्याकडे फलक लागले.

माझी आजी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने विजयदुर्गला उतरायची. किनाऱ्याच्या गावांना जोडणारी बोट आपल्याकडे होती, पावसाळा सोडला तर नियमित होती, आणि ती आपण बंद होऊ दिली. लेरिचीच्या धक्क्यावरून पोर्तोव्हेनेरेला आणि पुढच्या गावांना जाणाऱ्या बोटी पाहताना मला खरा राग आला तो याचा.

क्रूझ मागणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. आमच्यासारख्यांकडून गावाला फार काही मिळत नाही. सकाळचा नाश्ता बोटीवर, रात्रीचं जेवण बोटीवर. लेरिचीत आम्ही खर्च केला तो बसची तिकिटं, फारिनाता, कॉफी आणि जेलातो एवढाच. इटलीच्या सरकारने २०२१ पासून मोठ्या क्रूझ बोटींना व्हेनिस शहराच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी घातली, ती उगीच नाही. चिंक्वे तेर्रेत कड्यावरून जाणारी व्हिया देल्लामोरे ही पायवाट २०१२ला दरड पडून बंद झाली, ती पूर्ण खुली व्हायला २०२४ उजाडलं, आणि आता तिच्यावर चालायला तिकीट आहे. जेट्टी बांधायचीच तर ती देवगडहून विजयदुर्गला, मालवणहून वेंगुर्ल्याला जाणाऱ्या छोट्या बोटींसाठी बांधा. त्या बोटीतून मासळी विकणारी बाई जाईल, कॉलेजची मुलं जातील, आणि त्यांच्याबरोबर पर्यटकही जातील.

हे सगळं मी ठामपणे लिहू शकते. पण तेल्लारोत आणखी एक गोष्ट पाहिली, ती मनातून जात नाही. तिथल्या पुष्कळ घरांच्या हिरव्या खिडक्या भर मे महिन्यात बंद होत्या. मिलान-तोरिनोच्या लोकांनी सुट्टीसाठी घेतलेली घरं अशीच असतात. चिंक्वे तेर्रेच्या डोंगरावर द्राक्षमळ्यांच्या पायऱ्यांना चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी भिंती आहेत, आपल्या गडग्यांसारख्या. हे काम २०१८ला युनेस्कोच्या यादीत गेलं. ते करणारी माणसं शहरात गेली, मळे ओस पडले, आणि भिंतींची देखभाल थांबली की पावसात डोंगर खाली येतो. २०११च्या ऑक्टोबरातल्या पुरात त्या पाचांतली व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावं चिखलात गाडली गेली.

आमच्या गडग्याचा चिरा ढासळला तर तो दादा लावतो. कलमांची फवारणी तो करतो, पावसाळ्याआधी कौलं तो परततो. त्याला जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं आहे, वर भाड्याच्या चार खोल्या, म्हणजे मुलाला मुंबईला जावं लागणार नाही. मी रेडिंगमधून त्याला सांगते, घर तसंच ठेव, कौलं काढू नको, चिरे झाकू नको. माझी कारणं खरी आहेत. वरचं सगळं मी त्याच कारणांसाठी लिहिलं आहे. पण मला ते घर डिसेंबरातल्या सुट्टीसाठी हवं आहे आणि त्याला ते वर्षभर हवं आहे. बंद खिडकीच्या बाजूची मी आहे. चुलतभाऊ मला जे विचारतो त्यात हे येतं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

दादाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला आहे. वहिनीने फोनवर अगदी मायेने सांगितलं, ताई, तुम्हाला काय कमी आहे, घर तुमचंच आहे. कमी काही नाही. पण माझ्याकडे आता ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, आणि त्यावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, फक्त वारशाने मिळते. आज सही केली तर आजीने लावलेल्या त्या कलमांतलं एकही झाड मला पुन्हा कधी पैसे देऊनसुद्धा घेता येणार नाही. दादाला मी कळवलं आहे: तू खोल्या बांध, माझी ना-हरकत घे, भाड्यातला एक रुपया मला नको. हक्कसोडपत्रावर मात्र मी सही करणार नाही.