शेगडी मंद ठेवून झोपू नका : मोटरहोमच्या त्या फॉरवर्डला उत्तर

रविवारी सकाळी नाशिकहून मामाचा फोन आला. "अगं, तुमची गाडी डिसेंबर ते मार्च उभीच असते ना? आम्ही दोघं येतो. सगळं ठरलंय." कशावरून ठरलं, तर 'हिवाळ्यात मोटरहोमने युरोप, चार महिने, जवळजवळ फुकट' या फॉरवर्डवरून. (मोटरहोम म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी.) तो मला आधी तीन ग्रुपवर आला होता आणि मी वाचायचीही तसदी घेतली नव्हती. आता शब्दन् शब्द वाचला, कारण मामा ६८ वर्षांचा आहे, मामीला दमा आहे, आणि मामाने त्यातले सातही मुद्दे वहीत उतरवून घेतले आहेत.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, शेंगेनचे (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातले) ९० दिवस संपत आले की दोन दिवस क्रोएशिया किंवा रोमानियात जाऊन या, नवे ९० दिवस मिळतात. दोन, भारतीय लायसन्स इंग्रजीत असतं, त्यामुळे वेगळं परमिट लागत नाही. तीन, युरोपात निसर्गात राहण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, गाडी कुठेही लावून झोपा. चार, हीटर गॅस खातो, त्याऐवजी स्वयंपाकाची शेगडी मंद ठेवून झोपा आणि जमिनीलगतची जाळी कापडाने बंद करा. पाच, चार महिन्यांचं धान्य, तूप, सगळं घरून न्या. सहा, बर्फाचे टायर ही विक्रेत्यांनी घातलेली भीती आहे, चाकांना लावायच्या साखळ्या पुरे. सात, दक्षिणेत थंडी नसतेच आणि हिवाळ्यात सगळं निम्म्या दरात मिळतं.

मी जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ राहते. २०१७ पासून आमच्याकडे मोटरहोम आहे आणि त्यातून आम्ही हिवाळ्यातही फिरलो आहोत. क्रम सोडून चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुका पैसे घेतील, ही जीव घेईल.

मोटरहोमचा हीटर आणि शेगडी एकाच सिलिंडरवर चालतात, पण त्यांचं काम अगदी वेगळं आहे. हीटरची ज्योत बंद पेटीत असते. तो जळायला लागणारी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो, आपल्यापर्यंत फक्त ऊब येते. शेगडी आपण श्वास घेतो तीच हवा जाळते. बंद, थंडीसाठी चारी बाजूंनी सील केलेल्या छोट्या खोलीत ती तासन् तास चालली की प्राणवायू कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. दिवसभर गाडी चालवून दमलेल्या माणसाला यात वेगळं काय वाटणार? तो कूस बदलून झोपतो.

नाशिक-पुण्याच्या वाचकाला हे मी नव्याने सांगायला नको. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे वर्षानुवर्षं छापून येतात. तिथे पंधरा-वीस मिनिटांची अंघोळ असते. इथे फॉरवर्ड रात्रभर सांगतोय.

मामाचा बचाव असा की त्याच्या लहानपणी घरात शेगडी पेटवूनच सगळे झोपायचे. मामा, ते घर कौलारू होतं. कौलांच्या फटींतून, दाराखालून, माळ्यावरून वारा खेळत होता. या गाडीला फट नाही. आणि जी मुद्दाम ठेवलेली आहे तीच बुजवायला सांगितलं आहे. जमिनीलगतची जाळी गार वारा यावा म्हणून नसते. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. कुठे गळती झाली तर तो खाली साचतो आणि त्या जाळीतून बाहेर पडतो. ती कापडाने बंद केली तर गळलेला गॅस गादीखाली साठत राहील, वर शेगडी पेटलेली, आणि शेजारी दोन माणसं झोपलेली. हे ज्याने लिहिलं त्याने मोटरहोममध्ये हिवाळ्याची एक रात्रही काढलेली नाही, हे मी खात्रीने सांगते.

त्याने गॅसही वाचत नाही. एक किलो प्रोपेन जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. हीटर ते बाहेर सोडतो, शेगडी आत. सकाळी खिडक्यांवरून धारा लागलेल्या असतात, गादीची खालची बाजू ओली असते आणि आठवड्यात बुरशी धरते. मामीच्या दम्याचा विचार मला इथे करावासा वाटतो, फॉरवर्डवाल्याला वाटला नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म विकत घ्या. युरोपात त्याचं मानक ईएन ५०२९१ आहे, आणि फिरत्या गाड्या व बोटींसाठी त्याचा वेगळा दुसरा भाग आहे. खोक्यावर ईएन ५०२९१-२ हा आकडा बघूनच घ्या. झोपायच्या जागेजवळ लावा. बर्फ पडला की हीटरचं धुराडं रोज सकाळी मोकळं करा.

आता पहिला मुद्दा, कारण मामाचं सगळं गणित यावर उभं आहे. शेंगेन सीमा संहिता, म्हणजे युरोपीय संघाचा २०१६/३९९ क्रमांकाचा नियम, कलम ६. त्यात म्हटलंय की कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवस, आणि प्रवेशाचा व बाहेर पडण्याचा दिवसही धरून. 'कोणत्याही' हा शब्द महत्त्वाचा. बाहेर गेलं की घड्याळ शून्यावर येत नाही. रोज मागचे १८० दिवस मोजले जातात.

मामाची तारीख घेऊ. ५ डिसेंबरला उतरला, तर ९० वा दिवस ४ मार्च. त्यानंतर तो शेंगेनबाहेरच्या अल्बेनियात दोन दिवस राहून परत यायला लागला, तर मागच्या १८० दिवसांतले ९० वापरून झालेले आहेत, हातात शून्य. पहिला दिवस मोकळा होईल ३ जूनला. शिवाय व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पडला की तो संपलाच, दिवस उरलेले असोत वा नसोत.

आणि क्रोएशिया? १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया स्वतःच शेंगेनमध्ये आहे. रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. म्हणजे 'बाहेर' म्हणून सांगितलेले दोन्ही देश आत आहेत. पूर्वी पासपोर्टवरचा पुसट शिक्का एखाद्याच्या नजरेतून सुटायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, दिवस संगणक मोजतो. मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची नोंद झाली की पुढचा व्हिसा अवघड. मामाची नात नेदरलँड्समध्ये शिकते. तिच्या पदवीदानाला त्याला यायचं आहे. कशासाठी हा धोका?

लायसन्सचा मुद्दा चटकन संपवते. स्पेन आणि इटलीत आंतरराष्ट्रीय परमिट किंवा अधिकृत भाषांतर लागतं. नाशिकच्या आरटीओत ते परमिट मिळतं, एक वर्ष चालतं, मूळ लायसन्ससोबतच ठेवायचं. आणखी एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नाही ती म्हणजे विमा. आमच्या पॉलिसीत गाडी कोण चालवणार हे ठरलेलं आहे. मामाचं नाव आधी घालावं लागेल.

कुठेही झोपण्याचा 'हक्क' नॉर्वे आणि स्वीडनमधून उचलला आहे. तो पायी फिरणाऱ्याचा, तंबू लावणाऱ्याचा आहे. मोटार घेऊन रानात शिरायला त्यात परवानगी नाही. क्रोएशियात उघड्यावर मुक्काम केला तर दंड होतो. पोर्तुगालमध्ये एका नगरपालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त ४८ तास, तेही संरक्षित क्षेत्राबाहेर. स्पेनमध्ये गाडी नियमाने उभी करून आत झोपता येतं, पण बाहेर खुर्ची मांडली किंवा गाडीच्या बाजूचं कापडी छत उघडलं की तो कॅम्पिंगचा गुन्हा. जर्मनीत थकवा घालवण्यापुरती एक रात्र चालते. मोटरहोमसाठी बांधलेल्या जागा सगळीकडे आहेत, पण उत्तरेकडे थंडीत त्यांचे पाण्याचे नळ बंद केलेले असतात, नाहीतर फुटतात. हे न कळल्यामुळे आम्ही एकदा जानेवारीत दोन दिवस बाटलीच्या पाण्यावर काढले.

चार महिन्यांचं धान्य? बहुतेक मोटरहोम एकूण ३५०० किलोंपर्यंतच मंजूर असतात. रिकामी गाडीच त्यातला मोठा हिस्सा खाते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, त्यावर सिलिंडर, साखळ्या, माणसं. काट्यावर जास्त भरलं तर दंड तर होतोच, उतारावर ब्रेकही लवकर तापतात. तूप तर मुळीच आणू नका, युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. तूरडाळ इथल्या भारतीय दुकानात मिळते, मामी.

टायर विक्रेत्यांनी नव्हे, कायद्याने मागितले आहेत. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा घसरण असेल तर हिवाळी टायर हवेतच, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर व हिमकणाचं चिन्ह असलेलेच धरतात. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेले आता चालत नाहीत. आमचे तसेच होते, बदलावे लागले. ऑस्ट्रियात हा काळ १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल. साखळ्या टायरच्या जोडीला असतात, त्या सपाट, कोरड्या जागी आधी घालून बघायच्या. आणि घाट निवडताना नकाशावरची सुंदर रेघ बघू नका. ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता हिवाळ्यात बंदच असतो. ऑस्ट्रियातून इटलीत जाणारा ब्रेनर घाट, उंची १३७० मीटर, वर्षभर चालू असतो.

सातव्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मला मान्य करावं लागतं. हंगामाबाहेर भाडी उतरतात, दक्षिण स्पेनमधले कॅम्पिंगवाले महिनाभर राहणाऱ्याला चांगली सूट देतात, म्हणूनच इथले कितीतरी पेन्शनर दर हिवाळ्यात तिकडे जातात. मालागाला जानेवारीच्या दुपारी सतराएक अंश असतात, नाशिकच्या माणसाला ती थंडी ओळखीची. पण तिथून दीड तासावर ग्रॅनाडा आहे, सुमारे ७०० मीटर उंचीवर, आणि रात्री पारा शून्याजवळ जातो. स्पेनमधला नारिंगी सिलिंडर ब्युटेनचा असतो. ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेलं की वायू होत नाही, हीटर बंद पडतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. पण जर्मन ११ किलोचा प्रोपेन सिलिंडर तिकडे बदलून मिळत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत तो तीन-चार दिवसांतच रिकामा होतो. म्हणून विजेची जोडणी असलेली जागा घ्यायची. डिझेलचंही तसंच. दक्षिणेत टाकी पूर्ण भरून आल्प्सकडे आलात तर त्यात मेण धरतं. अर्धी टाकी घेऊन या, डोंगराच्या पायथ्याशी हिवाळी डिझेल भरा.

काल मामाशी पुन्हा बोलले. आता ठरलंय ते असं : आम्ही गाडी फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्याने दक्षिणेला नेऊ, ते दोघं १० जानेवारीला मालागाला विमानाने उतरतील आणि ३१ मार्चला परत जातील. ८१ दिवस होतात, ९ दिवस शिल्लक. वहीतल्या चौथ्या मुद्द्यावर त्याने काट मारली आहे. मामीने एवढंच विचारलं की तो अलार्म नाशिकहून आणायचा का. नको, मामी, तुझ्या उशीच्या बाजूला तो बसवून झाला आहे.