म्हणे, डांबराचा एक थर मारा की झालं!

कोकणातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या धावपट्टीला रस्त्यासारखा डांबराचा एक थर मारा, झालं! उतरतात ती छोटी विमानं, तीही कधीमधी. त्यासाठी महिनोन्महिने बंद ठेवणं म्हणजे पैसे खायचे धंदे.’ पैसे कोण खातं ते मला ठाऊक नाही. डांबर मात्र ठाऊक आहे, वीस वर्षं त्याच्या वासात काढलीत.

‘रस्त्यासारखा थर मारा.’ पावसाने दोन दिवस उघडीप दिली की सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, जुनं डांबर सकाळी वाकून बघा. सगळीकडे सुकून पांढुरकं झालेलं, पण भेगेच्या दोन्ही अंगांना काळी ओली रेघ तशीच. तिथे टाच दाबली की फटीतून तांबडं पाणी वर येतं. म्हणजे खालचा जांभ्याचा भराव पाणी धरून बसलाय आणि त्यातली बारीक माती धुपतेय. त्यावर दोन इंचांचा थर टाकलात, तर एकदोन पावसाळ्यांत तीच भेग त्याच जागी वर उमटते. म्हणून आधी जागोजागी कोअर, म्हणजे थरांचा गोल उभा नमुना, काढून खाली काय आहे ते बघायचं, सैल थर मिलिंग मशीनने खरवडायचा, मऊ पडलेली जागा खालपासून उकरून भरायची. आणि त्याच्याही आधी कडेचे चर! कडेची माती आणि गवत धावपट्टीपेक्षा वर चढलं असेल तर पाणी जाणार कुठे? रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हो.

‘छोट्या विमानांना काय लागतं?’ हे अर्धं खरं आहे. चार आसनांचं सेसना १७२ भरून जेमतेम ११०० किलोचं, त्याहून आपली माणसांनी भरलेली बोलेरो जड. पण इथे धावपट्टी वजनाने फाटतच नाही, उन्हाने फाटते. ऊन-वाऱ्याने डांबर ठिसूळ होतं आणि खडी सुटते. चाकांची वर्दळ असली तर वरचा थर मळला जातो, बारीक भेगा मिटतात. वापर नसलेलं डांबर उलट लवकर वाळतं. सुटलेली खडी नडते ती छोट्या विमानालाच, त्याचा पंखा जमिनीपासून फूटभरही वर नसतो. पात्याला खडी लागून टवका उडाला आणि तो वेळेत घासून गुळगुळीत केला नाही, तर तिथूनच तडा जातो.

‘मुंबईत चालू ठेवून केलं की!’ मुंबईत मुख्य धावपट्टीचं काम २०१९-२० च्या हिवाळ्यात दिवसाचे आठ तास बंद ठेवून झालं, खरंय. तिथे त्या वेळी विमानं दुसऱ्या धावपट्टीवर उतरत होती. आपल्या एकुलत्या पट्टीवर तसं करायचं तर रोज काम थांबवताना नव्या थराच्या कडेला उतार करा, खडी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी तो उतार खरवडून परत सुरुवात. आणि हे सगळं पाऊस सरल्यापासून मेपर्यंत.

मेसेजची शेवटची ओळ: ‘आमच्या गावच्या रस्त्याचा थर बघा कसा टिकलाय.’ परवा गेलो होतो बघायला. वळणावरची मोरी तुंबलीय. भेग तिच्या बरोबर वर आहे, जुनी होती तिथेच.