सेबास्टियनची बाजू

गेल्या तीन महिन्यांपासून दर शनिवारी रात्री जेवणे आटोपून ओटा आवरला की आम्ही दोघे जुने हेरपट पाहायला बसतो. यातले बहुतेक चित्रपट मी पूर्वी पाहिलेले आहेत, काही तर तीन-चार वेळा. नव्वदच्या दशकात रात्री कार्टून नेटवर्क थांबून त्याच वाहिनीवर टीएनटी सुरू होत असे, तेव्हा घरचे झोपल्यावर आवाज अगदी बारीक करून पाहिलेला 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' मला अजून आठवतो. बायकोने मात्र यातले काहीच पाहिलेले नव्हते. त्यामुळे पुन्हा पाहणे माझे आणि पहिल्यांदा पाहणे तिचे, असा हा व्यवहार आहे. तिने सुरुवातीलाच एक अट घातली, ती अशी की "आता बघ हं" हे तीन शब्द उच्चारायचे नाहीत. मी ते उच्चारत नाही. पण काही घडणार असले की नकळत लोड सोडून सरसावून बसतो, आणि हे तिच्या लक्षात आले आहे. आता ती पडद्याइतकेच माझ्या पाठीकडेही लक्ष ठेवून असते.

(पुढे मी या सर्व चित्रपटांचे शेवट बेधडक सांगणार आहे. साठ ते ऐंशी वर्षे जुन्या चित्रपटांबाबत कोणी रहस्यभेदाची तक्रार करू नये.)

सुरुवात हिचकॉकच्या 'नटोरियस'पासून झाली. चित्रपट १९४६ सालचा. इन्ग्रिड बर्गमनने रंगवलेली अलिशिया ही एका देशद्रोही जर्मन माणसाची मुलगी. अमेरिकी हेरखात्यातला डेव्हलिन, म्हणजे कॅरी ग्रँट, तिला रिओ दि जानेरोला नेतो आणि तिथे लपलेल्या नाझींच्या गोटात शिरायला लावतो. त्या गोटातला अलेक्झांडर सेबास्टियन तिच्यावर पूर्वीपासून लुब्ध असतो. तो तिला लग्नाची मागणी घालतो, आणि ज्याच्यावर तिचे खरे प्रेम आहे तो डेव्हलिन, तिने आशेने विचारूनही, 'नको करूस' एवढेसुद्धा म्हणत नाही. ती लग्न करून त्या घरात जाते. घरात सासू आहे, आणि कपाटांच्या किल्ल्या सासूच्या ताब्यात आहेत. नवी सून किल्ल्या मागते आणि नवरा आईकडे त्या मागायला जातो, या प्रसंगाला बायको इतकी मोकळेपणाने हसली की मला चित्रपट थांबवावा लागला. रिओ असो की सदाशिव पेठ, जुडगा कोणाच्या कमरेला हा प्रश्न तोच, असे तिचे म्हणणे पडले.

एक किल्ली मात्र सासूकडेही नसते. दारूच्या तळघराची ती किल्ली सेबास्टियनच्या स्वतःच्या कडीत असते. मेजवानीच्या रात्री तो आतल्या खोलीत तयार होत असताना अलिशिया ती काढून घेते. तेवढ्यात तो बाहेर येतो आणि आपण तिच्यावर उगाच संशय घेतला म्हणून माफी मागत तिचे दोन्ही हात हातांत धरतो. एका हाताची मूठ उघडून तो तळव्याचे चुंबन घेतो आणि दुसऱ्या हाताकडे वळतो. किल्ली त्या दुसऱ्या मुठीत आहे. त्या क्षणी ती त्याच्या गळ्यात हात टाकते, त्याच्या पाठीमागे किल्ली गालिच्यावर सोडते आणि पायाने सरकवून फर्निचरखाली ढकलते. मी हे दृश्य किमान चार वेळा पाहिले आहे आणि दर वेळी श्वास रोखून तिच्या मुठीकडेच पाहिले आहे. बायको म्हणाली, "त्याचा चेहरा बघितलास? त्याला वाटतंय, हिने आपल्याला माफ केलं."

खरे सांगतो, मी त्याचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. पुढच्याच दृश्यात कॅमेरा दिवाणखान्याच्या छतापासून गर्दीवरून सरकत खाली येतो आणि अलिशियाच्या मुठीतल्या त्या इवल्याशा किल्लीवर स्थिरावतो. हे दृश्य चित्रपटाच्या प्रत्येक अभ्यासकाला पाठ असते आणि मलाही होते. पण त्या किल्लीच्या नादात, जो माणूस आपल्या बायकोच्या मिठीत खऱ्या आनंदाने उभा होता, तो माझ्या नजरेतून साफ निसटला होता.

यावर आमचा वाद झाला आणि तो पुढचे दोन दिवस चालला. माझे म्हणणे असे की सेबास्टियन नाझी आहे, त्याच्या तळघरातल्या बाटल्यांत युरेनियमचे खनिज दडवलेले आहे, आणि खरा प्रकार कळल्यावर तो आईच्या सल्ल्याने बायकोला कॉफीतून थोडे थोडे विष देऊ लागतो. अशा माणसाची कणव कसली करायची? तिचे उत्तर असे होते की तो वाईट आहे यात वाद नाही. पण या गोष्टीत मनापासून विश्वास ठेवला कोणी, एवढेच ती विचारते आहे. डेव्हलिनला सगळे ठाऊक होते, तरी तो शेवटपर्यंत कुढत, टोमणे मारत प्रेम करत राहिला. सेबास्टियनला काहीच ठाऊक नव्हते आणि त्याने हातचे काही राखून ठेवले नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मला मान्य करावे लागले की हिचकॉकलाही हेच दाखवायचे असणार, नाहीतर त्याने या भूमिकेसाठी क्लॉड रेन्ससारखा मृदू आवाजाचा, बर्गमनपेक्षा उंचीने कमी असलेला, पाहताक्षणी दया यावी असा नट निवडला नसता. या भूमिकेसाठी रेन्सला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. ग्रँटला मिळाले नव्हते.

तेव्हापासून मला हेरपटांकडे पाहण्याची एक निराळीच सवय लागली आहे. हेर कोण, फितूर कोण, कागदपत्रे कोणाच्या हाती लागली, हे सारे एकदा ठाऊक झाले की त्यातली गंमत संपते आणि दुसऱ्या वेळी पाहण्यासारखी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे ज्याने विश्वास ठेवला त्याचे चित्रपटाने पुढे काय केले. माझ्या मते हेरपटाचा कस इथेच लागतो.

या कसोटीवर बाँडचे काय होते ते सांगतो. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) हा मला आजही सर्वांत देखणा बाँडपट वाटतो. त्यातली ओरिएंट एक्स्प्रेसच्या डब्यातली मारामारी, शॉन कॉनरी आणि रॉबर्ट शॉ यांची, आजच्या कुठल्याही मारामारीला लाजवील अशी आहे. जेवणाच्या डब्यात शॉ माशाबरोबर तांबडी वाइन मागवतो, आणि हा सभ्य इंग्रज नव्हे हे आपण तेव्हाच ओळखायला हवे होते असे बाँडला नंतर उमगते. (आपल्याकडे असा हेर पकडायचा झाला तर मासे खाऊन वर ग्लासभर दूध पिणाऱ्याला धरावे, ही बायकोची सूचना.) पण त्याच गाडीत, इस्तंबूलचा आपला मित्र केरीम मारला गेल्यावर, बाँड तातियानाला जाब विचारतो आणि तिच्या थोबाडीत मारतो. ही तातियाना सोव्हिएत वकिलातीतली साधी कर्मचारी आहे. आपण मायदेशाचे काम करतो आहोत असे समजून ती यात उतरली आहे, आणि ज्या बाईने तिला हुकूम दिला ती केव्हाच दुसऱ्या टोळीला मिळालेली आहे. म्हणजे गाडीतल्या सगळ्यांत कमी माहिती असलेल्या माणसाला मार बसतो. तीनदा पाहिलेल्या चित्रपटातली ही थप्पड मला आठवतच नव्हती. बायको काही बोलली नाही. ती उठून दह्याला विरजण लावायला गेली आणि बराच वेळ परतली नाही. आम्ही त्यानंतर बाँड लावलेला नाही, आणि तो लावावा असा आग्रह धरण्याचे धैर्य अद्याप मला झालेले नाही.

'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'ने (१९५९) थोडी भरपाई केली. मोकळ्या माळावर औषध फवारणारे विमान कॅरी ग्रँटच्या अंगावर येते ते दृश्य जवळ आल्यावर मी इतका सरसावून बसलो की तिने मला खांद्याला धरून मागे ओढले. विमान तिला आवडले, पण बेताचेच. तिचे लक्ष त्यानंतरच्या प्रसंगाकडे होते. ज्या ईव्हने त्याला त्या माळावर मरायला पाठवले, तिच्याच खोलीत तो धुळीने माखलेला परत येतो. ती धावत येऊन त्याला बिलगते. त्याचे हात मात्र तिच्या डोक्यापाशी, खांद्यांपाशी हवेत घुटमळत राहतात, कारण ते ठेवावेत की नाही हे त्याचे ठरत नाही. "हात बघ त्याचे," ती म्हणाली. मी तो भाग तीन वेळा मागे नेऊन पाहिला. पोरवयापासून मी विमानाची वाट पाहत आलो होतो आणि विमान गेले की चहा आणायला उठत होतो.

'द इपक्रेस फाइल'बद्दल फार सांगण्यासारखे नाही. मायकेल केनचा चष्मा लावणारा, कॉफी दळणारा, वरिष्ठांशी पगारावरून कुरकुरणारा हेर आम्हा दोघांनाही आवडला. बाँडपटांचाच निर्माता हॅरी साल्ट्झमन, बाँडपटांचाच नेपथ्यकार केन ॲडम आणि संगीतकार जॉन बॅरी यांनी मिळून १९६५ साली इतका उलट्या चालीचा हेर उभा करावा, ही गंमत आहेच. नायक एका हाताने अंडी फोडतो ते हात मूळ कादंबरीचा लेखक लेन डायटन याचे आहेत, असे मी सांगितल्यावर तिने दुसऱ्या दिवशी ऑम्लेट करण्याचे काम माझ्यावर सोपवले. त्या दिवशी तीन अंडी वाया गेली.

त्याच १९६५ साली आलेल्या 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड'ने आम्हाला गप्प केले. जॉन ल कारे हा स्वतः ब्रिटिश हेरखात्यात होता. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा तो बॉनच्या वकिलातीत होता, आणि १९६३ मध्ये त्याची ही कादंबरी आली. मार्टिन रिटने त्यावरून काढलेला चित्रपट कृष्णधवल आहे आणि त्यात ऊन म्हणून पडत नाही. रिचर्ड बर्टनचा लीमस हा थकलेला हेर, नोकरीवरून काढल्याचे, दारूच्या आहारी गेल्याचे सोंग घेतो. उधारी नाकारणाऱ्या दुकानदाराला मारून तुरुंगात जातो. हा दुकानदार म्हणजे बर्नार्ड ली, अर्थात बाँडचा वरिष्ठ 'एम'. मी न राहवून ते बोललो आणि अट मोडल्याबद्दल बोलणी खाल्ली. पुढे लीमस पूर्व जर्मनीत जातो आणि तिथला हेरप्रमुख मुंट हा इंग्रजांचा फितूर आहे असे भासवणारा पुरावा त्याच्याच हाताखालच्या फीडलरच्या पदरात टाकतो. परदेशी बँकांतली खाती, खोटी नावे, मुंटच्या प्रवासाशी जुळणाऱ्या तारखा, सगळे जिथल्या तिथे.

इथे बायकोने चित्रपट थांबवायला सांगितले. तिची सगळी नोकरी बँकेच्या तपासणी विभागात गेली आहे. ती म्हणाली, "हे फार नीट आहे. खोट्या व्हाउचरवर कधी खाडाखोड नसते." मी पाठ ताठ ठेवून, चेहरा कोरा ठेवून बसलो. अर्ध्या तासाने खटल्याच्या दृश्यात उलगडले की पुरावा कोसळावा म्हणूनच तो रचला होता. मुंट खरोखरच इंग्रजांचा माणूस आहे, त्याला वाचवायचे आहे आणि सत्याच्या जवळ पोचलेल्या फीडलरला संपवायचे आहे. ते संपवण्यासाठी लंडनने वापरली ती ग्रंथालयात काम करणारी नॅन. लीमसवर प्रेम करणारी, कम्युनिस्ट पक्षाची भाबडी सभासद, जी साक्षीच्या पिंजऱ्यात खरे तेच सांगते आणि त्या खरे सांगण्यानेच सगळे उद्ध्वस्त होते. क्लेअर ब्लूमने ही साक्ष इतक्या हळू आवाजात दिली आहे की आम्ही पंखा बंद केला.

शेवट भिंतीवर होतो. (चित्रपटातला तो बर्लिनचा नाका डब्लिनमध्ये उभारलेला होता, हे ठाऊक असूनही थंडी वाजते.) नॅन गोळी लागून खाली पडते. लीमस भिंतीच्या माथ्यावर आहे, पलीकडून आपले लोक उडी मार म्हणून ओरडत आहेत, आणि तो ज्या बाजूने चढला त्याच बाजूला परत उतरू लागतो. विद्यार्थिदशेत मला हा पराभव वाटला होता, थोडासा नाटकीही वाटला होता. या खेपेस बायको म्हणाली, "सबंध सिनेमात एकाच माणसानं तिची बाजू घेतली, आणि त्याला तेवढ्यासाठी खाली उतरावं लागलं." मला यात भर घालण्यासारखे काही सुचले नाही. बाँड गाडीतून पुढे निघून जातो आणि लीमस उतरतो, एवढाच फरक मी मनाशी नोंदवला.

मागच्या शनिवारी तिच्याच आग्रहाने 'नटोरियस' पुन्हा लावला. आता तीही सरसावून बसत होती, मात्र माझ्यापेक्षा निराळ्या जागी. शेवटी डेव्हलिन विषाने अर्धमेल्या झालेल्या अलिशियाला आधार देऊन जिना उतरवतो, सोबत सेबास्टियन आणि त्याची आई, खाली त्याचे साथीदार रोखून पाहत आहेत. मोटारीपाशी आल्यावर सेबास्टियन मलाही घ्या म्हणून विनवतो. डेव्हलिन मोटारीचे दार आतून लावून घेतो. मागून साथीदारांची हाक येते आणि तो पायऱ्या चढून घरात जातो. दार बंद होते, चित्रपट संपतो.

"आणि आई?" बायकोने विचारले. "ती आतच आहे ना अजून?"

मी रिमोट घेतला आणि ती शेवटची कुठे दिसते ते शोधत बसलो. सापडले तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि बायको झोपायला गेली होती.